टेबलाचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, पण मला कुणी कधी ‘आजोबांचा चष्मा’ किंवा ‘बाईंचा चष्मा’ म्हटले नाही. मी टेबलाचा चष्मा होतो. टेबलाला नाक नसते, कान नसतात आणि वाचनाची आवड तर मुळीच नसते. तरी माझी उमेदीची सगळी वर्षे त्याच्यापाशीच गेली. माझ्या उजव्या काडीला सुतळी बांधलेली होती आणि सुतळीचे दुसरे टोक टेबलाच्या खणाच्या मुठीला. बँकेत पेन बांधून ठेवतात ना, तसे. मला वाटायचे, पेन पळवले तर फार तर बँकेचे एक पेन जाईल. मला कुणी पळवले तर एखाद्याचे घर जाईल. पुढे एक घर गेलेच. मला कुणी पळवले नव्हते. मी नाकावर होतो.

पण सुरुवातीपासून सांगतो.

काही चष्मे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जन्मतात. त्यांचा नंबर काढलेला असतो, पाकिटावर नाव लिहिलेले असते, ते पहिल्या दिवसापासून कुणाचे तरी असतात. आमचे तसे नव्हते. आम्ही घाऊक. कारखान्यातल्या साच्यातून आम्ही पोत्याने बाहेर पडलो आणि सगळ्यांचा नंबर एकच, अडीच. कुणाचे डोळे कसे आहेत याची चौकशी आमच्या जन्माच्या वेळी कुणी केली नाही. तिथून मी रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याच्या फळीवर आलो. शेजारी गॉगल टांगलेले. गॉगल फार शिष्ट. जग कमी दिसावे म्हणून लोक जास्त पैसे मोजतात, याचा त्यांना अभिमान होता. मला मात्र एकच स्वप्न पडायचे, की एखाद्या जाड कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाने मला न्यावे आणि रोज दुपारी माझ्यासकट झोपी जावे.

मला वकीलबाईंनी नेले. उंच, काटक, आवाज असा की विक्रेत्याने आपोआप विडी विझवली.

“तुमच्या नंबरचा बघा, बाई. हा अडीचचा आहे,” तो म्हणाला.

“मला नकोय. मला स्वच्छ दिसतं. माझ्या लोकांसाठी हवाय.”

“मग त्यांना आणा की. लावून बघतील.”

“ते चष्मा घरी विसरतात,” वकीलबाई म्हणाल्या. “आणि विसरत नाहीत, तेव्हा मुलं विसरतात.”

वकीलबाईंचे ऑफिस औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होते. दारावर पाटी, ‘ज्येष्ठांसाठी कायदेशीर व आर्थिक सल्ला’. जिना उभा, कठडा हलता. धापा टाकत वर आलेला एखादा पक्षकार आल्या आल्या म्हणायचा, “मृत्युपत्र आधी उरका, बाई. अजून उतरायचं आहे.” आत एक टेबल, त्यापलीकडे वकीलबाईंची साधी खुर्ची आणि अलीकडे पक्षकारासाठी हातांची, गादीची खुर्ची, म्हणजे उठताना हातांवर जोर देता यावा. कोपऱ्यात टायपिस्टकाका. दाराबाहेर एक लाकडी बाक.

तो बाक फार महत्त्वाचा. वकीलबाईंचा नियम होता, ज्याचा कागद तो आत, बाकी सगळे बाकावर. मुलगा असो, सून असो, जावई असो, देवासारखा शेजारी असो.

“अहो, मी मुलगा आहे त्यांचा!”

“म्हणून तर बाहेर.”

“मी काय परका आहे?”

“परक्याला आत घेतलं असतं. परक्याला कोण घर देतं?”

दार लागायचे आणि बाहेर खोकल्याची साथ सुरू व्हायची. बाकावरचे लोक असे खोकायचे, की आत बसलेल्या माणसाला आपण एकटे आहोत असे वाटू नये. वकीलबाई पंखा मोठा करायच्या.

मग त्या सांगायच्या. प्रत्येकाला तेच, पण जणू पहिल्यांदाच. राहते घर हयातीत कुणाच्या नावावर करू नका. द्यायचे तर मृत्युपत्राने द्या, म्हणजे तुम्ही गेल्यावर जाईल, तुमच्या आधी नाही. मुखत्यारपत्र द्याल तर कुठल्या कामापुरते ते लिहा, ‘सगळ्यासाठी’ असे लिहू नका. दवाखान्यात तुमच्या वतीने कोण बोलणार ते तोंडाला नळी लागायच्या आत ठरवा. आणि एवढे सांगूनही माया अनावर झालीच, घर आजच देऊन टाकायचे असलेच, तर बक्षीसपत्रात एक कलम घाला.

त्या कलमाला त्या ‘उंबरठ्याचं कलम’ म्हणत. ते असे होते: ‘देणार यांस सदर घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील, आणि त्यांच्या लेखी संमतीवाचून सदर घर विकता, गहाण टाकता अथवा रिकामे करून घेता येणार नाही.’ वकीलबाई ते न बघता सांगायच्या. टायपिस्टकाका ते न बघता टाईप करायचे. मला खात्री आहे, काका सुट्टीवर असते तरी मशीनने ते आपले आपण उमटवले असते.

शेवटी माझी पाळी. मला नाकावर चढवायचे, कागद मोठ्याने वाचायचा आणि मगच सही. कागदाच्या तळाशी काकांनी एक ओळ नेहमी घातलेली असे: ‘वरील मजकूर मी स्वतः चष्मा लावून वाचला असून तो मला समजला आहे.’ मित्रांनो, त्या ओळीतला चष्मा म्हणजे मी! नाव नव्हते, पण उल्लेख होता. फळीवरच्या त्या गॉगलांना हे कुणीतरी कळवावे असे मला फार वाटे.

एकदा एक म्हातारे शिंपी आले. त्यांनी मला लावले, कागद हातभर लांब धरला आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. छान चालले होते. वकीलबाईंनी हात वर केला.

“थांबा, मास्तर. तिसऱ्या परिच्छेदापासून वाचा.”

शिंपीबुवा थांबले. कागद जवळ घेतला, लांब केला. माझ्या काचांवर त्यांच्या भुवईचा घाम पडला.

“दिसतंय ना?”

“दिसतंय, दिसतंय.”

“काय दिसतंय?”

शिंपीबुवांनी कागद टेबलावर ठेवला. मग ते हळूच म्हणाले, “पांढरं दिसतंय, बाई. पुतण्यानं येताना रिक्षात वाचून दाखवलं, तेच म्हणत होतो. आता चारचौघांत दिसत नाही कसं म्हणायचं?”

“इथे कुठे चारचौघं आहेत? मी आहे आणि टेबल आहे. सुईत दोरा कोण ओवतं तुमच्या?”

“नातवंडं.”

“आणि सही तेवढी स्वतः करणार? आधी मोतीबिंदू काढून या. घर काही पळत नाही, सही केल्याशिवाय.”

शिंपीबुवा हसले आणि रडले, दोन्ही माझ्या काचांमागे, त्यामुळे मला जवळून बघता आले. त्या दिवशी वकीलबाई काकांना म्हणाल्या, “‘दिसतंय ना’ विचारलं की माणूस ‘हो’च म्हणतो. लाज असते. ‘काय दिसतंय’ विचारावं, आणि मधूनच विचारावं.” पुढे त्या प्रत्येकाला मधूनच विचारू लागल्या.

ती माझी चांगली वर्षे. माझा एक स्क्रू पडला, तिथे काकांनी टाचणी वाकवून घातली. डाव्या काडीला चिकटपट्टी आली. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने मला काढताना म्हटले, “फार स्वच्छ ठेवता हो चष्मा!” आयुष्यात झालेली ही माझी एकमेव जाहीर प्रशंसा. ती स्वच्छता त्यांच्याच रुमालाची होती, पण मी काही बोललो नाही.

मग वकीलबाई मला स्वतः लावू लागल्या.

आधी मला आनंद झाला. मालकीण मिळाली असे वाटले. पण त्यांच्या डोळ्यांसमोर बसल्यावर मला जे कळले ते दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हते. त्यांच्या नजरेत मधोमध एक डाग होता. बाजूचे सगळे दिसे; नेमके ज्याच्याकडे बघावे तेच पुसले जाई. दार दिसे, आत आलेल्याचा चेहरा दिसत नसे. समास दिसे, मजकूर दिसत नसे. पक्षी तिरका बघतो तशी त्या मान वाकडी करून कागदाकडे बघत आणि लोकांना वाटे, बाईंना संशय आला. डॉक्टरांनी सांगितले होते, याला चष्मा नाही. वकीलबाईंनी ते कुणाला सांगितले नाही. पक्षकारांना नाही, काकांना नाही, लेकीलाही नाही. वकिलाला दिसत नाही म्हटल्यावर जिना कोण चढणार?

काम चाललेच होते. कलमे पाठ होती. माणसे आवाजावरून कळत. आणि आता हाताखाली लेक होती. तीही वकीलच. हुशार, चटपटीत, आईवर जीव असलेली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही तिला राक्षसीण ठरवाल, आणि तसे असते तर मला पुष्कळ सोपे गेले असते.

लेकीने बाक काढून सोफा आणला. सोफा दाराबाहेर मावेना, म्हणून तो आत आला. सोफा आत आला तसे नातेवाईकही आत आले.

“आई, बाहेर बसवलं की लोकांना अपमान वाटतो गं.”

“वाटू दे. घरापेक्षा स्वस्त आहे.”

“तुझ्या वेळी ठीक होतं. आता सगळं कुटुंब मिळून ठरवतं.”

टायपिस्टकाकांनी मशीन झाकून ठेवले होते. लेक संगणकावर स्वतःच लिहायची. काका आता साक्षीदार म्हणून सह्या करत आणि चहा सांगत. त्यांना घरी बसवले नव्हते, याबद्दल ते कृतज्ञ होते. कृतज्ञ माणूस फारसे बोलत नाही.

मग एके दिवशी लेक आईजवळ येऊन बसली.

“आई, एक सुचलंय. तुझं घर आणि आमचं घर, दोन्ही विकू. एक मोठं घेऊ. सगळे एकत्र. तुला पूर्वेची खोली. जेवणाखाणाची चिंता नाही, जिना नाही.”

“माझं घर कुणाच्या नावावर करायचं म्हणतेस?”

“माझ्या. विकायला सोपं जातं. तू कुठे त्या कचेऱ्यांत खेपा घालणार?”

वकीलबाईंनी माझी सुतळी बोटाभोवती गुंडाळली.

“मी काय परकी आहे, आई?”

मित्रांनो, हे वाक्य मी त्या बाकावरून किती वेळा ऐकले होते! आणि त्याचे उत्तरही मला तोंडपाठ होते. मी टेबलावर पडून त्या उत्तराची वाट बघत राहिलो. वकीलबाईंनी तोंड उघडले, लेकीच्या आवाजाच्या दिशेने हात नेला, तिचा गाल सापडला. त्या म्हणाल्या, “वेडी कुठली. उंबरठ्याचं कलम तेवढं घाल.”

“तुझाच मसुदा घेते गं. शब्द न् शब्द.”

ठरलेल्या दिवशी वकीलबाई टेबलाच्या अलीकडे बसल्या, हातांच्या, गादीच्या खुर्चीत. पलीकडे लेक. सोफ्यावर जावई. दाराशी काका. वकीलबाईंनी एकदा दाराकडे मान वळवली.

“इथे कुणाला तरी बाहेर पाठवायचं असतं,” त्या म्हणाल्या.

“मग मी जातो की!” जावई हसत उठू लागले. “नियम म्हणजे नियम.”

“अहो, बसा बसा. तुम्हाला कसं सांगणार?”

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जावयांना बाहेर काढले. स्वतःचा जावई आला तेव्हा त्यांना भीड पडली. बस, एवढेच झाले. याहून मोठे काही झाले नाही. जावई परत बसले, सोफा करकरला, आणि लेकीने कागद पुढे सरकवला.

“आई, वाचायचं काय त्यात? मीच लिहिलंय.”

“वाचल्याशिवाय सही नाही,” वकीलबाई ताठ झाल्या. त्यांनी सुतळी चाचपून मला शोधले, नाकावर ठेवले, कागद उचलला आणि वाचू लागल्या.

मी त्यांच्या आणि कागदाच्या मध्ये होतो. त्यांना काय दिसत होते ते मला माहीत होते: चार कडांचे समास आणि मधे धुके. पण आवाजात धुक्याचा मागमूस नव्हता. नावे, चतुःसीमा, ‘राजीखुशीने व कोणाच्याही दडपणावाचून’, सगळे एका लयीत. कोर्टातल्या तरुण वकिलांनी ऐकावे असे. मग त्या त्यांच्या लाडक्या जागी आल्या आणि आवाज आणखी भरला.

“‘देणार यांस सदर घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील, आणि त्यांच्या लेखी संमतीवाचून सदर घर विकता, गहाण टाकता अथवा रिकामे करून घेता येणार नाही.’”

त्या कागदावर ते कलम नव्हते.

‘घराचा ताबा आज रोजी देण्यात आला आहे’ याच्या खाली एकदम माझीच ओळ होती: ‘वरील मजकूर मी स्वतः चष्मा लावून वाचला असून तो मला समजला आहे.’ शब्द न् शब्द आईच्या मसुद्याचा होता, एवढे तीन ओळींचे वाक्य सोडून. ते असले की विकत घेणारा बिचकतो. लेकीने मनाशी ठरवले असणार की नवे घर झाले की तिथे आईसाठी पक्का कागद करू. लोक असेच ठरवतात.

लेकीच्या हातातले पेन थांबले. त्या क्षणी तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. आईला दिसत नाही, आणि आईला वाटते कलम आहे. तिचा चेहरा पांढरा पडला; तो मला दिसला, आईला दिसला नाही. काका दारातून एक पाऊल पुढे आले. ते कलम त्यांनी इतक्यांदा टाईप केले होते, की पान भरले किती आणि उरले किती हे त्यांना लांबूनही कळत होते. त्यांना खोकला आला. पण सोफ्यावरच्या माणसाने त्यांच्याकडे पाहिले, आणि तो खोकला नुसता खोकलाच राहिला.

“दिसतंय ना आई नीट?” लेकीने विचारले.

“दिसतंय की.”

मी वाट बघितली. फक्त दोन शब्द हवे होते, ‘काय दिसतंय’. नाहीतर नुसते ‘मधून वाच’. ती रीत त्या खोलीतल्या तिघांना ठाऊक होती. जिने ती शोधली ती कागद धरून बसली होती. जी ती शिकली होती ती पेनाचे टोपण उघडत होती, लावत होती.

“बरोबर आहे, आई,” लेक म्हणाली. “इथे सही कर.” आणि आईचे बोट धरून तिने ते योग्य जागी नेऊन ठेवले.

पुढचे लवकर सांगतो, कारण ते घडलेही लवकर. घर विकले गेले; लेखी संमती कुणी मागितली नाही, आणि वकीलबाईंनीही आठवण केली नाही. मोठे घर झाले. पूर्वेच्या खोलीत ऊन छान यायचे, म्हणून आधी तिथे वाळत घालायचे कपडे आले, मग व्यायामाची सायकल आली, मग जावयांचे घरून करायचे काम आले. कुणीही वकीलबाईंना ‘जा’ म्हटले नाही. ‘थोडे दिवस बदल म्हणून’ असे म्हटले. निघायच्या दिवशी ऑफिसात लेकीने कात्रीने माझी सुतळी कापली आणि मला आईच्या पिशवीत घातले. “घे, तुझा चष्मा. तुलाच लागेल.” मग ती जिन्यात बसून रडली. रडणे खरे होते. कागद तर कायद्याने अगदी चोख होता.

अशा रीतीने मला शेवटी मालकीण मिळाली.

आता आम्ही वृद्धांच्या एका निवासात असतो. जागा वाईट नाही. चहा वेळेवर येतो, कधी कधी गरमही असतो. खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसायची. दुपारच्या चहानंतर वकीलबाईंचा सल्ला चालतो, फुकट. मला नाकावर चढवून त्या बसतात आणि सगळे सांगतात, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, दवाखाना. एकही चूक नसते. शेवटी म्हणतात, “मी इथे पाहुणी आहे. माझं घर आहे. उंबरठ्याचं कलम आहे माझ्या कागदात.”

परवा एक निवृत्त नर्सबाई फटकन म्हणाल्या, “मग राहता कशाला इथे? जा की घरी!”

“मनात आणलं तर आज जाईन.”

“बाई, माझाही पुतण्या कागद घेऊन येणारे पुढच्या आठवड्यात. तुमचं ते कलम खरंच चालतं का, एवढं सांगा.”

वकीलबाईंनी पिशवीतून बक्षीसपत्राची नक्कल काढली. शेजारी एक गृहस्थ बसले होते. जन्मभर छापखान्यात प्रुफे तपासलेले. सगळे त्यांना ‘प्रूफवाले’ म्हणतात. वकीलबाईंनी कागद त्यांच्या हातात दिला, आणि मलाही काढून दिले.

“तुम्ही वाचा. तुमची नजर पक्की. बघू दे यांना कलम कसं असतं.”

प्रूफवाल्यांनी मला लावले. मित्रांनो, काय सांगू! कारखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा माझा नंबर कुणाच्या तरी डोळ्यांना तंतोतंत जुळला. प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक अनुस्वार लख्ख. चष्म्याच्या जन्माला यावे ते याच क्षणासाठी. त्या लख्ख उजेडात आम्ही दोघांनी मिळून पान वरून खाली पाहिले. मग खालून वर पाहिले. मग मागची बाजू पाहिली.

“सापडलं?” वकीलबाईंनी विचारले.

छापलेल्यापेक्षा एक अक्षर जास्त न वाचण्याचे ज्यांनी आयुष्यभर पैसे घेतले, ते गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, “आहे ना. हे काय.” आणि त्यांनी ते मोठ्याने वाचले. हयातभर राहण्याचा हक्क, लेखी संमती, विकता, गहाण टाकता, रिकामे करून घेता. रोज दुपारी ऐकून त्यांचेही पाठ झाले होते. वकीलबाईंचे ओठ बरोबरीने हलत होते.

“एकही चूक नाही,” ते म्हणाले. मग नर्सबाईंकडे वळून हळू आवाजात, “तुमचा कागद आला की सहीच्या आधी मला दाखवा. पुतण्या नसताना.”

मित्रांनो, चष्म्याच्या काचा मऊ फडक्याने पुसाव्यात, चष्मा उपडा ठेवू नये, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. घरातल्या मोठ्या माणसाने कागदापुढे चष्मा लावला, की ‘दिसतंय ना?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर मी आयुष्यभर ऐकले आहे, ते एकच असते. काय दिसतंय ते विचारा, आणि मधूनच विचारा. ते तुमच्याच फायद्याचा कागद वाचत असतील, तर आधी उठून बाहेर जा. तुम्ही फार प्रेमळ असाल, तर दार ओढून घ्या.

त्या दिवशी प्रूफवाल्यांनी मला काढले आणि वकीलबाईंच्या नाकावर नीट बसवले. बाईंनी खिडकीकडे तोंड केले, मान तिरकी केली.

“टाकीला नवा रंग दिला वाटतं,” त्या म्हणाल्या.

टाकी पाडून टाकली त्याला बरेच दिवस झाले आहेत.

“हो,” प्रूफवाले म्हणाले. “छान दिसतंय.”